वाचकांचे प्रश्न : वॉन्स्टेडचा वाडा गेला कुठे?

मागच्या अंकात लंडनच्या पूर्वेकडच्या वॉन्स्टेड हाउसवर टिपण होते. १७१५ च्या सुमारास बांधायला घेतलेला, २६० फूट लांबीचा, दर्शनी बाजूला सहा उंच खांबांचा मंडप असलेला हा दगडी वाडा १८२५ पर्यंत सुटा करून विकलाही गेला होता. त्यावर आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रे इंग्लंडात सुरू होतात आणि सोलापूरच्या साखर पेठेत येऊन थांबतात. आमची त्याला हरकत नाही.

प्रश्न : वॉन्स्टेडचा शेवटचा मालक वेलस्ली होता असे आपण लिहिलेत. असईला शिंदे-भोसल्यांशी लढला तोच का हा? मग तो वाडा मराठ्यांच्या लुटीतून उभा राहिला म्हणायचे का? (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : तो हा नव्हे. असईचा तो आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वॉन्स्टेडला बुडवणारा विल्यम हा त्याच्या भावाचा मुलगा. लग्नात बायकोकडची आडनावे जोडून घेतल्यामुळे त्याचे आडनाव पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली असे चार मजली झाले होते. वाडा पुरा झाला १७२२ च्या सुमारास आणि असईची लढाई झाली १८०३ मध्ये. तेव्हा त्या लढाईतला एक रुपयाही त्या भिंतींत असणे शक्य नाही.

हिंदुस्थानचा पैसा मात्र त्यात आहेच, आणि तो धागा मंगळवेढ्यापासून फार लांब नाही. वॉन्स्टेडची जागा १६७३ मध्ये जोसाया चाइल्ड या व्यापाऱ्याने घेतली. हा पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झाला. गव्हर्नर म्हणजे लंडनमधल्या कंपनीचा मुख्य, मुंबईचा नव्हे. तो स्वतः इकडे कधी आला नाही. त्याच्याच धोरणामुळे कंपनीने १६८६ मध्ये मोगलांशी लढाई उकरून काढली आणि ती सपशेल अंगाशी आली. मोगलांच्या बाजूने सिद्दी याकूतने मुंबईला वेढा घातला. १६९० मध्ये कंपनीच्या वकिलांनी औरंगजेबापुढे माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड कबूल करून व्यापाराचे फर्मान परत मिळवले. त्यानंतर पाचच वर्षांनी औरंगजेबाची छावणी भीमाकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे तुमच्या माचणूरला पडली आणि १६९९ पर्यंत राहिली. जोसाया चाइल्ड वारला तोही १६९९ मध्येच.

एक सावधगिरी. याच काळात मुंबईत कंपनीचा कारभार पाहणारा जॉन चाइल्ड नावाचा दुसरा माणूस होता. जुन्या पुस्तकांत दोघांना सख्खे भाऊ केले आहे, ते खरे नाही. दोघांचे आडनाव तेवढे एक.

जोसायाने तिथे तळी खणली आणि अक्रोडाची झाडे लावली. जॉन इव्हलिन या रोजनिशीकाराने १६८३ च्या मार्चमध्ये ती पाहिली आणि नापीक जमिनीवर केवढा हा खर्च, अशा अर्थाची नोंद केली. वाडा बांधला तो जोसायाचा मुलगा रिचर्ड याने, कोलन कॅम्बेल या वास्तुकाराकडून. बाहेरून पोर्टलंडचा फिकट चुनखडी दगड लावला आणि आतल्या छतांवर विल्यम केंटकडून चित्रे काढून घेतली.

प्रश्न : आमच्या वाड्याचा वाद सदतीस वर्षे चालू आहे. सतरा हिस्सेदार आहेत. कोणी विकू देत नाही आणि कोणी दुरुस्तीही करू देत नाही. इंग्लंडात मालक एकटा असायचा, तरी स्वतःचे राहते घर पाडायची वेळ का यायची? (शुक्रवार पेठ, सोलापूर)

उत्तर : मालक एकटा होता म्हणूनच. आपल्याकडे हिस्सेदार वाढले की वाशाला कोणी हात लावत नाही आणि माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, आपोआप खाली येते. तिकडे सगळे थोरल्याकडे जायचे. घर, जमीन, भाडेकरू कुळे आणि कर्जही. त्याची मिळकत घसरली की एका माणसाच्या एका सहीवर वाडा जायचा.

त्यातही त्याची मालकी पुरी नसे. जमीन घराण्यातून बाहेर जाऊ नये म्हणून कौटुंबिक करार केलेला असे आणि धारकाला फक्त हयातीपुरते उत्पन्न मिळे. त्याने पुढच्या वारसाची जमीन विकायची नाही, असा तो बंध. वॉन्स्टेडचा शेवट समजायला एवढे पुरे आहे. १८०५ मध्ये धाकटा भाऊ लहानपणीच वारल्यामुळे कॅथरिन टिल्नी-लाँग या मुलीकडे सगळी इस्टेट आली. राजघराण्याबाहेरची सर्वांत श्रीमंत मुलगी म्हणून तिचा बोलबाला होता. १८१२ मध्ये तिने विल्यम वेलस्लीशी लग्न केले आणि दहा वर्षांत त्याने सगळे कर्जात घातले. १८२२ मध्ये तो देणेकऱ्यांना चुकवून युरोपात निघून गेला. जमीन बांधलेली होती, ती विकता येईना. मग गाडीत घालून नेता येईल ते विकायचे ठरले. जून १८२२ मध्ये जॉर्ज रॉबिन्स या लिलाववाल्याने वाड्यातल्या सामानाचा लिलाव सुरू केला. तो ३२ दिवस चालला आणि सुमारे ४१,००० पौंड जमले. रिकामा वाडा घेऊन राहायला कोणी पुढे येईना. शेवटी १८२३ मध्ये पाडून माल उचलून न्यायच्या अटीवर तो १०,००० पौंडांना गेला. बांधायला ३,६०,००० पौंड लागले होते असे लोक सांगत. हा आकडा फुगवलेला धरला तरी दगड-लाकडाच्या भावात घर विकले की काय हाती लागते ते दिसतेच. आणि सामानाला घराच्या चौपट पैसे आले, हेही ध्यानात ठेवावे.

हे एका उधळ्याचे प्रकरण झाले. पुढे जी घरे शेकड्यांनी पडली त्यांचे मालक बहुतेक उधळे नव्हते. १८७० च्या दशकापासून अमेरिकेचा गहू रेल्वे आणि आगबोटीने स्वस्तात येऊ लागला. १८९४ पर्यंत इंग्लंडात गव्हाचा भाव निम्म्याहूनही खाली आला आणि कुळांकडून येणारा खंड घटला. १८८२ च्या कायद्याने बांधलेली जमीनसुद्धा विकायची मुभा मिळाली. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या इस्टेटीवर कर आला. तो सुरुवातीला जास्तीत जास्त ८ टक्के होता. १९१९ मध्ये सर्वांत मोठ्या इस्टेटींवर तो ४० टक्के झाला आणि १९४९ मध्ये ८०. दुसऱ्या महायुद्धात अनेक घरे लष्कराने ताब्यात घेतली आणि परत दिली ती फुटक्या नळांची, ओल्या छतांची. मजूर आणि नोकर महाग झालेले. पाडापाडीचा कळस १९५५ च्या सुमाराचा. जुन्या इमारतींची यादी १९४७ च्या कायद्याने पद्धतशीर होऊ लागली होती, पण यादीतले घर पाडायला आधी परवानगी घेणे सक्तीचे झाले ते १९६८ च्या कायद्याने. तोवर नोटीस द्यायची, कोणी हरकत घेतली नाही तर घण घालायचा.

सतरा हिस्सेदारांच्या वादात आम्ही पडत नाही. माळवदावरचे गवत मात्र श्रावणाआधी उपटा. त्याला सतरा सह्या लागत नाहीत.

प्रश्न : आमचा १२ खणांचा वाडा उतरवायचा ठरला आहे. नक्षीचे खांब, त्यांच्यावरचे तुळईला धरणारे हस्त, दिंडी दरवाजा नव्या घरात वापरायचा विचार आहे. ठेकेदार म्हणतो, जेसीबी लावून दोन दिवसांत मोकळे करतो. इंग्रज लोक जिने आणि खोल्या सुट्या करून अमेरिकेपर्यंत नेत, ते कसे करत? (साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : जेसीबी जोत्यापर्यंत लावू नका. लाकूड वाचवायचे असेल तर एवढे एक ऐका.

तिकडची पद्धत आधी. वॉटफर्डचे कॅसिओबरी हाउस हे चांगले उदाहरण. १९२२ मध्ये तिथले सामान विकले आणि १९२७ मध्ये घर पाडले. पाडकामाच्या जाहिरातीत ३०० टन जुना ओक, त्यातल्या १०० उत्तम तुळया आणि १०,००० ट्युडर काळातल्या विटा असा माल मोजून दिलेला होता. तिथला सतराव्या शतकातला कोरीव लाकडी जिना आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये उभा आहे. क्रम साधारण असा असे. आधी सुटे सामान. मग भिंतीला लावलेले पण काढता येणारे, म्हणजे जिने, लाकडी तावदाने, दारे, शेकोट्यांचे संगमरवर. मग छपरावरचे शिशाचे पत्रे. मग तुळया, आणि सर्वांत शेवटी वीट-दगड. शिसे वजनावर रोख विकले जाई, म्हणून लोभापायी ते आधी काढायचा मोह होई. एकदा शिसे निघाले की पुढच्या पावसात आतले ओक भिजून त्याला बुरशी लागे आणि हजारांचा माल जळणाच्या भावात जाई. विटा परत वापरता येत, कारण बांधकाम चुन्याचे होते. चुना हातोडीच्या टोकाने सुटतो. सिमेंटमधली वीट काढायला गेलात तर वीट फुटते आणि सिमेंट तसेच राहते.

आता तुमचा वाडा. पहिल्यांदा माळवद. दहा बाय दहाच्या एका खणावर, म्हणजे खांबांमधल्या एका गाळ्यावर, फूटभर जाडीची पांढरी माती म्हणजे १०० घनफूट, वजन सुमारे साडेचार टन. पावसात भिजलेली असेल तर पाच टनांच्या वर. म्हणून काम माघ ते चैत्रात करा, मृगाच्या तोंडावर नको. खालून प्रत्येक तुळईच्या मध्यावर टेकू द्या. माती एका कडेने खाली ढकलत जाऊ नका. एक बाजू हलकी आणि एक जड झाली की तुळई मुरगळते आणि खांब खालच्या दगडी तळखड्यावरून सरकतो. सगळ्या खणांतून थोडी थोडी, मधून कडेकडे, पाट्यांनी काढा. मातीखालचा पालापाचोळा आणि तुळयांवर आडवे टाकलेले लाकडाचे किलचे काढताना वरचा माणूस तुळईवर उभा असावा, किलच्यावर नव्हे. वाळवीने आतून खाल्लेला किलचा वरून धडधाकट दिसतो. नाकातोंडाला मास्क हवाच. पन्नास-साठ वर्षांची धूळ आणि वटवाघळांची घाण असते ती.

हलवण्याआधी क्रमांक. इंग्रज सुतार लाकडावर पटाशीने रोमन आकडे खणत, कारण सरळ रेघांचे आकडे पटाशीला सोपे पडतात. तुम्ही वाड्याचा कागदावर आराखडा काढा, खणांना १ ते १२ आकडे द्या आणि प्रत्येक लाकडाला खण, दिशा, क्रम असा खुणेचा शब्द ठरवा. ‘४ द २’ म्हणजे चौथ्या खणातली दक्षिणेकडची दुसरी तुळई. ही खूण दोन ठिकाणी करा. एक पत्र्याचा बिल्ला दिसेल असा, आणि एक खूण सांध्याच्या आत, जिथे लाकूड लाकडाला टेकते तिथे, पटाशीने. खडूची खूण पहिल्या पावसाला जाते. तैलरंगाची खूण रंधा मारल्यावर जाते. प्रत्येक सांध्याचा फोटो शेजारी फूटपट्टी धरून काढा.

सांधे सोडवताना पहार लागू देऊ नका. खांबावरचा हस्त पहारीने उचकला की शिरेतून चिरतो आणि नेमका कोरीव कामातून चिरतो. सांध्यात लाकडी खुंटी असते आणि ती एका टोकाला निमुळती असते. निमुळत्या टोकाकडून लाकडी हातोड्याने ठोकली की दुसरीकडून सुटते. उलट बाजूने ठोकली तर आणखी घट्ट बसते, मग सुतार चिडतो आणि करवत काढतो. जुने चौकोनी खिळे गंजून धरलेले असतात. ओढायच्या आधी एक टोला आत मारावा, पकड सुटते, मग ओढावा. दिंडी दरवाजाची चौकट कधीही ओढून काढू नका. तिची शिंगे भिंतीत वीतभर आत गेलेली असतात. भोवतीचे दगड उतरवले की चौकट मोकळी उभी राहते.

तुळया खाली आल्या की त्यांची टोके बघा. भिंतीत गेलेला हातभर भाग हाच पहिला कुजतो किंवा वाळवी खाते, मधला भाग ठणठणीत असतो. टोकावर ठोकून आवाज ऐका, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. बद्द वाजले किंवा बोटभर आत गेला तर तेवढा तुकडा कापावा लागणार. म्हणजे दहा फुटांची तुळई आठ फुटांची होणार. नव्या घराचा नकाशा हे मोजून झाल्यावर करा. आधी नकाशा आणि मग लाकूड, असे केले की ऐन वेळी तुळई तोकडी पडते. लाकूड विटांवर, जमिनीपासून सहा इंच उंच, मध्ये दोन-दोन फुटांवर पट्ट्या घालून सावलीत रचा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. सोलापूरच्या उन्हात उघडे टाकलेत तर उभ्या भेगा पडतील.

शेवटचे, पण भांडण इथेच होते. पेठेतल्या वाड्यांना शेजाऱ्याशी सामाईक भिंत असते आणि बऱ्याचदा त्याच्या तुळया त्याच भिंतीत टेकलेल्या असतात. आपल्या बाजूचा दगड काढायच्या आधी शेजाऱ्याला आत बोलावून त्याची टोके कुठे आहेत ते दाखवायला सांगा. आपल्या तुळयांची भोके त्याच दिवशी दगड-चुन्याने भरा. आपल्या भिंती दोन बाजूंना दगड आणि पोटात माती अशा असतात. वरचे माळवदाचे ओझे निघाले आणि उघड्या डोक्यातून पाणी शिरले की पोट फुगते आणि शेजाऱ्याच्या अंगणात दगड पडतात. भिंतीच्या डोक्यावर लगेच चुन्याचा गिलावा करा. महापालिकेची परवानगी त्याआधी हवी, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाडलेल्या एका इंग्रजी घराचा इतिहास लिहायचा आहे. तिकडे जाणे शक्य नाही. सोलापुरात बसून काय मिळते? (विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : पुष्कळ. आधी घर कोणत्या काळात पडले ते बघ, कारण साधने त्यावर ठरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर पडलेले घर सोपे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने सर्वेक्षण नकाशे फुकट आहेत, मैलाला सहा इंच आणि मैलाला २५ इंच अशा दोन मापांचे. २५ इंची नकाशात घराचा आकार, तबेला, हरितगृह, विहीर सगळे वेगळे दिसते. आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून बघता येते. १८४१ पासून दर दहा वर्षांची जनगणना आहे. त्यात नोकरांची नावे, वये, कामे मिळतात. १९२१ पर्यंतची खुली आहे. १९३१ ची आगीत जळाली आणि १९४१ ला झालीच नाही, ती शोधण्यात वेळ घालवू नकोस. १९१० च्या सुमाराला जमिनीवरच्या करासाठी घरोघरची मोजणी झाली. तिच्या वह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. खोल्या किती, अवस्था कशी, हे सरकारी कारकुनाच्या रुक्ष शब्दांत असते आणि म्हणूनच भरवशाचे असते. कॅटलॉग घरबसल्या चाळता येतो.

वॉन्स्टेडसारखे त्याआधी पडलेले घर घेतलेस तर या नकाशांत फक्त मोकळे मैदान दिसेल. मग जॉन रॉक याचा १७३५ चा वॉन्स्टेडचा आराखडा, ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’चा एसेक्सवरचा सहावा खंड आणि १८२२ च्या लिलावाची यादी. लिलावाची यादी खोलीवार असते. कोणत्या खोलीत किती आरसे आणि कोणत्या रंगाचे पडदे, ते वाचून तुला घराचा आतला आराखडा जवळजवळ मांडता येतो. इतके नेमके साधन दुसरे नाही.

आता चकवे. एक, छापील चित्र म्हणजे बांधलेले घर नव्हे. कॅम्बेलने आपल्या ग्रंथात वॉन्स्टेडचे एक सोडून तीन आराखडे छापले. तिसऱ्यात दोन्ही टोकांना मनोरे आहेत, ते कधी बांधलेच नाहीत. तरी मनोऱ्यांचे वॉन्स्टेड लेखांतून हिंडत असते. दोन, लिलावाचे वर्ष आणि पाडल्याचे वर्ष वेगळे. कॅसिओबरीत पाच वर्षांचे अंतर आहे. तीन, १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. इव्हलिनची वॉन्स्टेडची नोंद १६ मार्चची, म्हणजे जुन्या हिशेबाने १६८२, आपल्या हिशेबाने १६८३. अशी तारीख १६८२/८३ अशी जोडून लिहायची. चार, जिल्हा बदलतो. वॉन्स्टेड तेव्हा एसेक्समध्ये होते, आज बृहद् लंडनमध्ये आहे. दोन्हींकडे शोध.

प्रश्न : त्या लिलावाच्या कागदांत जमीन एकर, रूड, पर्च अशी येते. याचे गुंठे कसे करायचे? (भूमापनातून निवृत्त, बार्शी)

उत्तर : तुम्हाला हे पाहून गंमत वाटेल. एका एकरात ४ रूड आणि १६० पर्च. आपला एकर ४० गुंठ्यांचा. म्हणजे १ रूड बरोबर १० गुंठे आणि ४ पर्च बरोबर १ गुंठा. तंतोतंत, दशांशही उरत नाही, कारण पर्चची बाजू साडेसोळा फूट आणि गुंठ्याची ३३. कागदात ‘३ एकर २ रूड २० पर्च’ असेल तर ३ एकर २५ गुंठे.

पैशाचे तेवढे सांभाळा. १ पौंडात २० शिलिंग आणि १ शिलिंगात १२ पेन्स. लिलावात बोली मात्र बऱ्याचदा गिनीत असे, आणि गिनी २१ शिलिंगांची. शंभर गिनी म्हणजे १०५ पौंड.

प्रश्न : आमच्या आजोबांचा वाडा पडून तीस वर्षे झाली. त्या जागी आता अपार्टमेंट आहे. त्या वाड्याचा इतिहास असाच शोधता येईल का? (बाळीवेस, सोलापूर)

उत्तर : येईल. नगर भूमापन कार्यालयातून त्या क्रमांकाची मिळकत पत्रिका काढा. त्यावर मूळ धारक आणि त्यानंतरचे फेरफार ओळीने असतात. पत्रिकेवर थांबू नका, चौकशी नोंदवहीच्या उताऱ्यासाठी वेगळा अर्ज करा. पहिल्या मोजणीच्या वेळी घर कोणाचे आणि वहिवाट कशी, हे त्यात असते. सनद घरातच एखाद्या पत्र्याच्या पेटीत असेल. खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या खतांच्या यादीत बघा, आणि महापालिकेच्या घरपट्टीच्या आकारणीत घराचे वर्णन मिळते का तेही. मागे जायचे तर मोडी लागेल, पुण्याचे पुरालेखागार लागेल. इंग्रजी कागदांत आणि १८८४ च्या गॅझेटियरमध्ये गावाचे नाव ‘शोलापूर’ असे श ने लिहिले आहे. संगणकावर त्याच इंग्रजी स्पेलिंगने शोधा, नाहीतर काहीच सापडत नाही. वाडा अक्कलकोटकडचा असेल तर १९४८ पर्यंत ते संस्थान होते, त्याची दप्तरे वेगळी.

आणि शेजारच्या घरचे लग्नाचे अल्बम मागा. मांडवामागे तुमची ओसरी हमखास दिसते.

प्रश्न : माझा मुलगा लंडनला असतो. वॉन्स्टेडला गेलो तर बघायला काही उरले आहे का? (एक वाचक, सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : वाडा नाही. त्याच्या जागी गोल्फचे मैदान आहे आणि त्यात एक मोठा खोलगट भाग आहे, तोच वाडा. आपल्याकडे मातीचे घर पडले की तिथेच बसते आणि पांढरीचा उंचवटा होतो. वॉन्स्टेडचा दगड वाहून गेला, म्हणून तिथे खळगा. मैदान खाजगी क्लबचे आहे, तेव्हा मधून चालत जाऊ नका.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनवर वॉन्स्टेड स्टेशन आहे. तिथून ओव्हर्टन ड्राइव्हवरच्या सेंट मेरी चर्चपर्यंत चालत जाता येते. चर्चमध्ये जोसाया चाइल्डचे संगमरवरी स्मारक आहे. चर्च एरवी बंद असू शकते, रविवार बघून जा. वाड्याची बाग आता सार्वजनिक उद्यान आहे, १८८२ पासून लंडन शहराच्या कॉर्पोरेशनकडे. त्यात तळी आहेत, १८८४ मध्ये जळालेल्या कृत्रिम गुहेची पडकी दर्शनी भिंत आहे आणि ‘टेंपल’ नावाची छोटी खांबांची इमारत आहे. वाड्याचा आतला दिवाणखाना बघायचा तर मात्र लंडन सोडून फिलाडेल्फियाला जावे लागेल. विल्यम होगार्थने रिचर्ड चाइल्डच्या कुटुंबाचे, भरल्या दिवाणखान्यात पत्ते खेळताना आणि चहा पिताना असे चित्र काढले होते, ते तिथल्या कलासंग्रहालयात आहे.